गादीवर कोण?

फुटबॉल क्लबचा जुना मॅनेजर जातो आणि नवा येतो, यामधला काळ कधी दोन दिवसांचा असतो, तर कधी दोन-अडीच महिन्यांचा. गादी रिकामी असते तोवर चाहत्यांना दुसरा विषय सुचत नाही. कोण यावा, कोण मुळीच येऊ नये, कोण येईल असे वाटत नाही पण आलाच तर सोन्याहून पिवळे, यावर पबमध्ये, आगगाडीच्या डब्यात, कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत आणि घरात बापलेकांमध्ये वाद झडतात. बीबीसीने १९९१ मध्ये रेडिओवर ‘६०६’ हा कार्यक्रम सुरू केला. सामना संपला की चाहत्याने फोन करायचा आणि मनातले बोलायचे, एवढेच त्याचे स्वरूप. मॅनेजर ठेवावा की घालवावा, आणि घालवला तर आणावा कोणाला, हा प्रश्न त्यावर दर हंगामात फिरून येतो.

मॅनेजर हा शब्द इथे ब्रिटिश अर्थाने घ्यायचा. आपल्या वर्तमानपत्रांत त्याला सरसकट ‘प्रशिक्षक’ म्हणतात, पण जुन्या इंग्लिश मॅनेजरचे काम सराव घेण्यापुरते नव्हते. संघ तो निवडी, खेळाडू विकत घेणे आणि विकणे त्याच्या शब्दावर चाले, पोरांच्या संघापासून स्वयंपाकघरापर्यंत त्याची नजर असे. युरोपच्या मुख्य भूमीवर ही कामे आधीपासूनच वाटलेली होती. कोच संघ घडवणार आणि क्रीडा संचालक बाजार पाहणार. गेल्या वीस वर्षांत इंग्लंडमधले बहुतेक मोठे क्लबही त्या वाटेने गेले. चाहत्यांच्या मनातली प्रतिमा मात्र जुनीच राहिली. क्लब जिंकला तर तो मॅनेजरचा, हरला तरी त्याचाच.

हा वाद घालणाऱ्यांच्या हाती निर्णय नसतो. इंग्लंडमधले मोठे क्लब या कंपन्या आहेत आणि नेमणूक मालक करतात. लिव्हरपूल क्लब ऑक्टोबर २०१० पासून अमेरिकेतल्या फेनवे स्पोर्ट्स ग्रुपच्या मालकीचा आहे. जर्मनीत ‘५० अधिक १’ या नियमामुळे मतांचे बहुमत सर्वसाधारणपणे सभासदांच्या संघटनेकडे राहते. बार्सिलोना आणि रेआल माद्रिद या क्लबांचे सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. पण कोच निवडायला तिथेही सभासदांना कोणी विचारत नाही. २००८ मध्ये बार्सिलोनाच्या संचालकांनी जोझे मोरिन्योची मुलाखत घेतली आणि गादी दिली ती चौथ्या श्रेणीत खेळणाऱ्या आपल्याच ब संघाच्या कोचला. त्याचे नाव पेप ग्वार्डिओला.

तरीही चाहत्यांचा वाद म्हणजे नुसती वाफ नव्हे. नव्या माणसाला किती सबुरी मिळणार, हे त्या वादात ठरते. मालक पगार ठरवतो, कराराची वर्षे ठरवतो. पण घरच्या मैदानावर पहिले तीन सामने हरल्यावर लोक टाळ्या वाजवणार की शिट्ट्या मारणार, याचा हिशेब माणूस येण्याआधीच मांडला गेलेला असतो. काही जण भरलेली तिजोरी घेऊन येतात, काही कर्ज घेऊन. हे नीट पाहायचे तर लिव्हरपूल शहराइतकी चांगली जागा नाही. तिथे दोन मोठे क्लब आहेत, आणि लिव्हरपूलचे अ‍ॅनफिल्ड व एव्हर्टनचे जुने गुडिसन पार्क यांच्यामध्ये फक्त स्टॅन्ली पार्क नावाची बाग आहे.

१२ जुलै १९७४ रोजी बिल शँक्लीने लिव्हरपूलच्या मॅनेजरपदाचा राजीनामा दिला. डिसेंबर १९५९ मध्ये तो आला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत रुतला होता. त्याने तीन लीग विजेतेपदे, दोन एफए कप आणि एक यूईएफए कप मिळवून दिला. राजीनाम्याच्या दिवशी टोनी विल्सन हा ग्रॅनडा टेलिव्हिजनचा तरुण वार्ताहर माइक घेऊन रस्त्यावर उतरला आणि भेटेल त्याला बातमी सांगू लागला. ते चित्रण आजही पाहायला मिळते. पोरे आधी त्याच्याकडे संशयाने पाहतात, हा थट्टा करतोय असे त्यांना वाटते. मग तो पुन्हा सांगतो आणि चेहरे उतरतात. नवा कोण, हा प्रश्न अजून कोणाच्या ओठावर आलेलाही नसतो. घरातले माणूस गेल्यावर पहिल्या दिवशी व्यवहाराचे कोणी बोलत नाही, तसेच ते आहे.

क्लबने शँक्लीचा सहायक बॉब पेझ्ली याला गादी दिली. त्याला ती फारशी नको होती. शँक्ली सरावाच्या मैदानावर येतच राहिला, खेळाडूही सवयीने त्यालाच ‘बॉस’ म्हणत राहिले, आणि शेवटी पेझ्लीला हा पेच सोडवावा लागला. पहिल्या हंगामात लीगमध्ये दुसरा क्रमांक आला. मोठे नाव घेऊन आलेल्या परक्या माणसाला तेवढ्यावर बोल लागला असता. पेझ्ली मात्र १९३९ पासून क्लबमध्ये होता, खेळाडू म्हणून, मग मालिशवाला म्हणून, मग कोच म्हणून. लोकांनी त्याला वेळ दिला. १९८३ मध्ये तो थांबला तेव्हा नऊ हंगामांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप जमा झाले होते. घरचाच माणूस गादीवर बसवायचा, ही रीत तिथून पक्की झाली. जो फेगन, केनी डॅल्ग्लिश, ग्रॅम सूनेस, रॉय इव्हान्स, सगळे घरचेच. १९९८ मध्ये जेरार्ड हूलिए हा फ्रेंच माणूस आला तेव्हा ती मोडली.

शँक्लीच्या राजीनाम्याच्या नऊ महिने आधी डर्बीमध्ये याच्या नेमके उलटे घडले होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये ब्रायन क्लफ आणि त्याचा जोडीदार पीटर टेलर यांनी संचालकांशी बिनसल्यामुळे डर्बी काउंटी सोडले. क्लफने दुसऱ्या श्रेणीतला हा क्लब वर आणून १९७२ मध्ये देशाचा विजेता केला होता. चाहत्यांनी निषेध चळवळ उभारली, सभा घेतल्या, क्लफला परत आणा म्हणून मोर्चे काढले, खेळाडूही त्याच्याच बाजूचे. संचालकांनी मग डेव्ह मॅके याला आणले. तो डर्बीचा जुना कर्णधार, क्लफच्याच संघातला, लोकांचा लाडका. त्याच्यावर राग काढणे कोणालाच सोपे गेले नाही. १९७५ मध्ये मॅकेच्या संघाने पुन्हा लीग जिंकली. चाहत्यांचे मागणे नाकारायचे असेल तर माणूस कसा निवडावा, हे डर्बीच्या संचालकांना उमगले होते.

ते न उमगल्याचा धडा लिव्हरपूललाच मिळाला. २०१० च्या उन्हाळ्यात राफाएल बेनिटेझ गेला आणि रॉय हॉजसनला बोलावले. हॉजसनने त्याच वर्षी फुलहॅमसारख्या छोट्या क्लबला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते, म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न नव्हता. पण नव्या मॅनेजरच्या शोधात मदत करणारा केनी डॅल्ग्लिश स्वतःच ते पद घ्यायला तयार होता, आणि हे बाहेर सगळ्यांना ठाऊक होते. सप्टेंबरमध्ये चौथ्या श्रेणीतल्या नॉर्दम्प्टनने अ‍ॅनफिल्डवर येऊन लीग कपमध्ये पेनल्टींवर हरवले. त्यानंतर पांढऱ्या केसांच्या त्या सभ्य माणसाच्या कानावर घरच्याच प्रेक्षकांतून डॅल्ग्लिशच्या नावाचा गजर येऊ लागला. ८ जानेवारी २०११ रोजी तो गेला आणि डॅल्ग्लिश आला. हॉजसनने काही चुका केल्या, हे खरे. पण त्याच्या खात्यात पहिल्या दिवशीच शिल्लक नव्हती.

आता २०२४ कडे येऊ, कारण नव्या मॅनेजरवरचा वाद किती खोल जातो हे त्या वर्षी जानेवारी ते मे या चार महिन्यांत फार स्पष्ट दिसले. २६ जानेवारी २०२४, शुक्रवार. क्लबने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत युर्गन क्लॉप शांतपणे सांगतो की हंगाम संपला की आपण जाणार, कारण अंगातली ताकद संपत चालली आहे. त्या दिवशी लिव्हरपूल लीगमध्ये अव्वल होता. क्लॉप ऑक्टोबर २०१५ पासून तिथे होता. २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि त्याहून जिव्हाळ्याचे, तीस वर्षांनी २०२० मध्ये आलेले लीग विजेतेपद, ही त्याची कमाई. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी बार्सिलोनाच्या झावीने आपणही उन्हाळ्यात जाणार असे जाहीर केले (तो निर्णय पुढे त्याने फिरवला), आणि २१ फेब्रुवारीला बायर्न म्युनिकने थॉमस टूखेल हंगामाअखेर जाणार असल्याचे सांगितले. तीन थोर क्लब एकाच वेळी बाजारात उतरले, आणि तिघांच्याही चर्चेत एक नाव समान होते.

ते नाव झाबी अलोन्सो. लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या डोक्यात त्याचे चित्र पक्के होते. २००५, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मिलान ३–० पुढे, मग लिव्हरपूलचे तीन गोल. तिसरा अलोन्सोचा. पेनल्टी गोलरक्षकाने अडवली आणि परत आलेला चेंडू त्याने जाळ्याच्या छपरात मारला. तो माणूस आता बायर लेव्हरकुसेनचा कोच होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने संघ हाती घेतला तेव्हा लेव्हरकुसेन तळाकडून दुसरा होता. २०२४ च्या वसंतात तोच संघ एकही सामना न हरता, क्लबच्या इतिहासात प्रथमच, जर्मन लीग जिंकायला निघाला होता. जुनी माया आणि नवे यश अशी दुहेरी पुण्याई एका माणसात क्वचित एकत्र येते. म्हणून बाकीच्या नावांची तुलना आपोआप त्याच्याशीच होऊ लागली.

२९ मार्चला अलोन्सोने आपण लेव्हरकुसेनमध्येच राहणार असे सांगितले. त्यानंतरचा वाद अधिक अभ्यासण्यासारखा आहे, कारण आता मायेचा उमेदवार उरला नव्हता आणि चाहत्यांना कारणे द्यावी लागणार होती. स्पोर्टिंग लिस्बनच्या रुबेन अमोरिमचे नाव पुढे आले. त्याने २०२१ मध्ये स्पोर्टिंगला १९ वर्षांनी पोर्तुगालचे विजेतेपद मिळवून दिले होते. पण त्याचा संघ मागे तीन बचावपटू ठेवून खेळे. लिव्हरपूलमध्ये क्लॉपने चार बचावपटूंची मांडणी रुजवली होती, कडेचे दोन बचावपटू पुढे जाऊन हल्ला रचत. मग त्यांतल्या ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डचे काय करायचे? कडेने हल्ला करणाऱ्या मोहम्मद सलाहला कुठे उभे करायचे? एरवी गोल झाला की नाही एवढेच पाहणारी माणसे तीन आणि चार बचावपटूंच्या फरकावर तासन् तास बोलू लागली. ब्रायटनचा रोबेर्तो डे झेर्बी काहींना हवा होता, तर काहींना त्याच्या संघाचे आपल्याच गोलसमोर चेंडू खेळवत बसणे जिवावर येई. क्लबचा जुना कर्णधार स्टीव्हन जेरार्ड याचे नाव निघाले की पूर्वी डोळे चमकत, पण अ‍ॅस्टन व्हिलातून तो गेल्यापासून त्याचा आग्रह धरणारे फारसे उरले नव्हते.

या सगळ्यात चाहते खरोखर कशावर भांडत होते, ते बारकाईने पाहिले तर तीन धागे हाती लागतात. पहिला, आपला क्लब कसा खेळतो याचा. शँक्लीपासून अ‍ॅनफिल्डला चाल हवी असते, सावधपणा खपत नाही. दुसरा, माणूस शहरात मिसळेल का याचा. लिव्हरपूलकर स्वतःला लंडनपासून वेगळे मानतात, आणि क्लॉप त्यांचा झाला तो सामने जिंकून तर झालाच, पण त्यांच्यासारखा बोलून-हसून अधिक झाला. तिसरा धागा भीतीचा. मँचेस्टर युनायटेडचे काय झाले, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

ती हकीकत थोडक्यात अशी. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेडमध्ये आला. डिसेंबर १९८९ मध्ये क्रिस्टल पॅलेसकडून घरी २–१ हरल्यावर ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने कापडी फलक फडकावला. तीन वर्षे सबबी ऐकल्या, अजून सगळे भिकारच, तेव्हा फर्गी राम राम, असा त्याचा आशय. संचालकांनी तरी त्याला ठेवले. त्याच हंगामात मे महिन्यात युनायटेडने एफए कप जिंकला, आणि तोही क्रिस्टल पॅलेसलाच हरवून. फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा नावावर १३ लीग विजेतेपदे होती. जाताना त्याने स्वतः डेव्हिड मॉइसची शिफारस केली. चाहत्यांनी स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडला मॉइसच्या चित्राचा मोठा फलक लावला, हाच निवडलेला, असे सांगणारा. पण ती सबुरी उसनी होती, फर्ग्युसनच्या शब्दावर मिळालेली. मार्च २०१४ मध्ये मैदानावरून एक छोटे विमान गेले, त्याच्या मागे मॉइसला हाकला असा फलक होता. एप्रिलमध्ये मॉइस गेला. करार सहा वर्षांचा होता, टिकला दहा महिने.

म्हणूनच लिव्हरपूलमध्ये लोक एकमेकांना बजावत होते की क्लॉपची प्रतिकृती शोधू नका. अखेरीस नाव आले ते आर्ने स्लॉटचे. हा फेयेनोर्डचा कोच, २०२३ चा डच विजेता. २०२२ मध्ये कॉन्फरन्स लीगचा अंतिम सामना तो रोमाकडून १–० हरला होता. इंग्लंडमधल्या बहुतेकांनी त्याचा संघ पूर्ण नव्वद मिनिटे पाहिला नसावा. निवड केली ती मालकांचा फुटबॉलप्रमुख मायकल एडवर्ड्स आणि नवा क्रीडा संचालक रिचर्ड ह्यूज यांनी. स्लॉटच्या पदाचे नावही ‘मॅनेजर’ न ठेवता ‘हेड कोच’ ठेवले गेले. चाहत्यांत आनंदाची लाट अशी आली नाही. एक सावध कुतूहल होते, बस्स.

मग १९ मे उजाडला. क्लॉपचा शेवटचा सामना, वुल्व्ह्जवर २–० असा विजय. सामन्यानंतर मैदानाच्या मध्यभागी क्लॉप माइक घेऊन उभा राहिला. निरोपाचे चार शब्द झाले आणि मग त्याने एक चाल उचलली, नव्या माणसाच्या नावाची. आर्ने स्लॉट, आर्ने स्लॉट. आधी तो एकटाच गात होता, मग कॉपने, म्हणजे गोलमागच्या त्या प्रख्यात स्टँडने, सूर धरला, आणि बघता बघता सगळे मैदान गाऊ लागले. स्लॉटची नेमणूक अजून अधिकृतपणे जाहीरही झाली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी झाली. फर्ग्युसननेही निरोपाच्या भाषणात नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहा असे सांगितले होते. फरक असा की क्लॉपने सांगण्यावर न थांबता लोकांकडून ते गाऊन घेतले. चार महिने दुखऱ्या मनाने वाद घातलेल्या माणसांनी त्या दोन मिनिटांत स्वतःच्या तोंडाने नव्या माणसाला आपले म्हटले. हा प्रसंग चाहत्यांच्या सबुरीचा जन्म डोळ्यांदेखत दाखवतो.

बागेपलीकडे एव्हर्टनमध्ये चाहत्यांनी दुसरे हत्यार वापरले होते, नकाराचे. जून २०२१ मध्ये क्लबने राफाएल बेनिटेझला नेमले, तोच जो पूर्वी लिव्हरपूलचा मॅनेजर होता आणि २००७ मध्ये ज्याने एव्हर्टनला छोटा क्लब म्हटले होते. नेमणुकीआधी त्याच्या घराच्या परिसरात धमकीचा फलक लागला. हे निंद्य होते आणि शहरातल्या अनेक चाहत्यांनीही तसेच म्हटले. पण जिथे सबुरी शून्य आहे तिथे माणूस पाठवणे हीही चूकच होती. १६ जानेवारी २०२२ रोजी, नॉर्विचकडून हरल्यावर, बेनिटेझ गेला. मग पोर्तुगालच्या व्हिटोर पेरेराचे नाव पुढे येताच गुडिसन पार्कच्या भिंतीवर रंगाने अक्षरे उमटली: पेरेरा नको, लॅम्पार्ड हवा. दरवाजापाशी चाहते जमले. पेरेराने स्वतः स्काय स्पोर्ट्सच्या थेट प्रक्षेपणात फोनवरून आपली बाजू मांडली. नोकरीचा उमेदवार सगळ्या देशासमोर मुलाखत देतो आहे, असा तो विलक्षण प्रसंग. ३१ जानेवारीला इंग्लंडचा माजी खेळाडू फ्रँक लॅम्पार्ड आला.

चाहते बरोबर होते का? १९ मे २०२२ च्या रात्री एव्हर्टन क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ०–२ मागे होता, आणि हरला असता तर शेवटच्या सामन्यापर्यंत श्रेणी गमावण्याची टांगती तलवार राहिली असती. सामना ३–२ जिंकला. मैदानावर धावत आलेल्या त्या गर्दीला हा आपला माणूस आहे याची खात्री होती, आणि त्या वर्षी त्या खात्रीचा संघाला उपयोग झाला. पण पुढच्या जानेवारीत, अवघ्या वर्षभरात, लॅम्पार्डलाही काढले. नाकारलेल्या पेरेराने डिसेंबर २०२४ मध्ये वुल्व्ह्जची सूत्रे घेतली, संघाला वाचवले, तिथल्या लोकांचा लाडका झाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यालाही जावे लागले.

टॉटनहॅमच्या चाहत्यांनी २०२१ मध्ये असाच नकार दिला, पण त्यांचे कारण वेगळे होते. मोरिन्योला १९ एप्रिलला काढल्यावर क्लब ७२ दिवस मॅनेजर शोधत होता. त्यात जेन्नारो गट्टूसोचे नाव येताच स्त्रिया, समलिंगी विवाह आणि वंशद्वेष यांबद्दलची त्याची जुनी विधाने चाहत्यांनी पुढे आणली आणि बोलणी थांबली. खेळाच्या पद्धतीपेक्षा क्लबच्या नावाखाली कोण उभा राहणार, हा प्रश्न तिथे मोठा ठरला, आणि तो विचारण्याचा चाहत्यांना पूर्ण अधिकार होता. शेवटी आलेला नूनो एस्पिरितो सान्तो चार महिन्यांत गेला.

अनोळखी माणसाबद्दल चाहत्यांचा अंदाज वारंवार चुकतो, हेही मान्य करायला हवे. सप्टेंबर १९९६ मध्ये आर्सेन व्हेंगर जपानच्या नागोयाहून आर्सेनलला आला तेव्हा लंडनच्या एका सायंदैनिकाने हा कोण, असेच मथळ्यात विचारले. दुसऱ्याच हंगामात त्याने लीग आणि एफए कप दोन्ही आणले आणि २२ वर्षे राहिला. जुलै २०१५ मध्ये लेस्टरने क्लाउडिओ रानिएरीला नेमले, तेव्हा त्याच गावचा माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकर उघडपणे चकित झाला. रानिएरीला त्याआधी ग्रीसने फेरो बेटांसारख्या चिमुकल्या संघाकडून घरी हरल्यावर काढले होते. हंगामाच्या सुरुवातीला लेस्टरच्या विजेतेपदावर सट्टेबाज एकास पाच हजार असा भाव देत होते. २०१६ च्या मे महिन्यात लेस्टर विजेता झाला.

सट्टेबाजांच्या भावाचाही या वादावर परिणाम होतो. पुढचा मॅनेजर कोण, यावर लागणारा पैसा फार नसतो. त्यामुळे थोड्याच लोकांनी एका नावावर पैज लावली तरी भाव झटकन पडतो, वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक आता आघाडीवर, आणि ती वाचून आणखी लोक त्याच नावावर बोलू लागतात. बातमीने भाव आणि भावाने बातमी, असे चक्र फिरते. क्लबच्या आतली माहिती त्यात असेलच असे नाही.

मॅनेजर बदलला की संघ उसळी घेतो, हा समज मात्र जगभरच्या चाहत्यांत घट्ट आहे. डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळाच्या अभ्यासात अर्थशास्त्रज्ञ बास टर वेल यांनी मॅनेजर बदललेल्या क्लबांची तुलना तितकीच वाईट घसरण झालेल्या, पण मॅनेजर न बदललेल्या क्लबांशी केली. बदलाचा वेगळा फायदा दिसला नाही. कारण समजायला सोपे आहे. क्लब माणूस काढतो तो पडत्या काळाच्या तळाशी. तिथे वाईट नशिबाचाही वाटा असतो, आणि नशीब काही काळाने आपोआप सरळ होते. श्रेय नव्या माणसाला मिळते. डिसेंबर २०१८ मध्ये हंगामी म्हणून आलेल्या ओले गुन्नार सोल्शारने मँचेस्टर युनायटेडसाठी पहिल्या १९ पैकी १४ सामने जिंकले, चाहते त्याच्या नावाने गात होते, आणि मार्चअखेर त्याला कायम केले. संघ तरी हंगामाच्या शेवटी सहाव्या क्रमांकावरच राहिला.

भारतात असा वाद तापला तो गोव्यात. ३१ जानेवारी २०२० रोजी एफसी गोवाने सेर्जिओ लोबेराला काढले, संघ वरच्या स्थानासाठी झगडत असताना. उरलेले सामने गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडाने सांभाळले आणि एफसी गोवा साखळीत अव्वल येऊन एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीला पात्र ठरणारा पहिला भारतीय क्लब झाला. लोबेरा गेला तो मुंबई सिटीला. पुढच्या हंगामात, साथीमुळे रिकाम्या असलेल्या गोव्यातल्याच मैदानांवर, मुंबईने उपांत्य फेरीत गोव्याला पेनल्टींवर ६–५ हरवले आणि मग विजेतेपदही घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये गोव्याचा पुढचा कोच हुआन फेरान्डो ऐन हंगामात गेला. कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने करारमुक्तीची रक्कम भरली आणि त्याला नेले. त्याची जागा डेरिक परेराने घेतली, म्हणजे पुन्हा घरच्या माणसालाच हाक गेली. फातोर्ड्याच्या, म्हणजे एफसी गोवाच्या घरच्या मैदानाच्या, स्टँडमध्ये तेव्हापासून दोन प्रश्न आले: बाहेरचा कोच किती काळ आपला राहणार, आणि आपल्या गावच्या कोचला गादी नेहमी हंगामीच का.

आता परत अ‍ॅनफिल्डला. स्लॉटच्या पहिल्या हंगामात मैदानावर उतरलेला नवा खेळाडू एकच होता, फेडेरिको किएझा. १४ सप्टेंबरला घरी नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून संघ ०–१ हरला. पण शिट्ट्या वाजल्या नाहीत. मे महिन्यात जमा झालेली शिल्लक कामी येत होती. २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५–१ हरवून लिव्हरपूलने चार सामने राखून विसावे लीग विजेतेपद जिंकले. भारतात तेव्हा रविवारची रात्र होती, नऊ वाजता सामना सुरू झाला होता, आणि मुंबई-पुण्यात एकत्र बसून पाहणारे चाहतेही आता स्लॉटचेच नाव घेत होते.

३ जुलै २०२५ रोजी संघातला दिएगो जोटा मोटार अपघातात गेला. त्या उन्हाळ्यात क्लबने फ्लोरियान विर्ट्झ आणि अलेक्झांडर इसाक यांच्यासाठी प्रचंड रकमा मोजल्या, अलेक्झांडर-अरनॉल्ड माद्रिदला गेला, आणि विजेत्या संघाची वीण सैल झाली. नोव्हेंबरात अ‍ॅनफिल्डवर फॉरेस्टने ३–० आणि चार दिवसांनी डच क्लब पीएसव्हीने ४–१ असे हरवले. १२ सामन्यांत ९ पराभव झाले होते. पीएसव्हीच्या सामन्यात शेवटची शिट्टी होण्याआधीच खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. बाहेर पडणाऱ्यांत दोन तट होते. एक म्हणे, विजेतेपद देणाऱ्याला सात महिन्यांत घालवणारे आपण नव्हे, आणि पोरे मित्राच्या दुःखातून अजून सावरलेली नाहीत. दुसरा म्हणे, दुःख खरे, पण मांडणी चुकते आहे आणि ती सुधारणे कोचचेच काम. त्या रात्री बसथांब्यांवर, पबमध्ये आणि रेडिओवर पुढच्या मॅनेजरची नावे पुन्हा निघाली.